दोन डिस्क, एक पाट

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे कॅमेरे, लेन्स, लाइट आणि नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे माझ्या भासऱ्यांच्या मते, हार्ड डिस्कसुद्धा. गांधीबागेत आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. दोघे भाऊ शूटिंग करतात, एडिटिंग मी करते. माझा नियम एकच होता. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली जातात, म्हणून प्रत्येक लग्नाच्या दोन कॉप्या, एक डिस्क स्टुडिओत, दुसरी वाडीला आमच्या घरच्या कपाटात. एकीला काही झालं तर दुसरी असावी, इतकं साधं. भासरे त्याला बायकांचं भित्रेपण म्हणायचे.

त्या वर्षी एका मुलीचं लग्न त्या डिस्कांत अडकून पडलं होतं. लोक अल्बमचे फोटो निवडायला महिनोन्‌महिने लावतात, आणि अल्बम ठरल्याशिवाय व्हिडिओ द्यायचा नाही हा भासऱ्यांचा खाक्या. फोटो निवडायचे राहिले आणि मध्येच मुलीचे बाबा गेले. कळमन्यात त्यांची धान्याची अडत होती. बोली पुकारून बसलेल्या त्या आवाजात त्यांनी लेकीच्या लग्नात स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती. घरच्यांच्या मोबाइलवर नुसता गोंगाट आला होता, आमच्या माइकवर मात्र सगळं स्वच्छ होतं. मुलीने फोन केला, अल्बम राहू द्या, मला फक्त बाबांची मंगलाष्टकं द्या. मी त्याच दिवशी देणार होते. भासरे म्हणाले, पितृपक्षात काही देऊ नये, दसरा झाला की देऊ.

भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. नवमीच्या सकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, घरची डिस्क पण आण म्हणा. एक हत्यार पाटावर अन् एक कपाटात, अशी अर्धी पूजा असते का गा?"

दोन्ही एका जागी आणायच्या नाहीत, नियमच तो आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं. घटकाभराने काही बिघडत नाही, असं म्हणून त्याने कपाट उघडलं.

पाटावर दोन्ही डिस्क एकीवर एक ठेवल्या गेल्या. हळदकुंकू झालं, अक्षता झाल्या, फुलाने पाणी शिंपडून झालं. मग भासऱ्यांनी नारळ पाटापुढेच फोडला आणि त्याचं पाणी डिस्कांवर उडालं. मी पुसायला पुढे झाले, तर नवऱ्याने डोळ्यांनीच मला मागे सारलं. पूजा झाली की हत्यार लगेच चालवायचं, हा आमच्या घरचा रिवाज. कॅमेऱ्याने देवाचा फोटो निघाला आणि भासऱ्यांनी दोन्ही डिस्क तशाच ओल्या कॉम्प्युटरला लावल्या. दोन्ही टकटक वाजायला लागल्या. मी बंद करा म्हणेपर्यंत त्यांनी त्या काढून, फुंकर मारून परत लावल्या होत्या. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्या. नंतर रिकव्हरीवाल्याने उघडून दाखवलं. आत पाणी गेलेलं, आणि तशाच फिरवल्यामुळे तबकड्यांवर चरे पडलेले. काही निघणार नाही म्हणाला.

दसऱ्यानंतर मुलगी आली. भासऱ्यांनी तिला चहा मागवला आणि मशीनचा काही भरवसा नसतो, देवाची मर्जी, असं सांगितलं. देवाचं नाव घेताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तं कितीदा ऐकलं असंल. कसं म्हटलं होतं बाबांनी?"

मी सांगितलं. शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज फुटला. ते थांबले, खाकरले, मांडवातली माणसं हसली, मग 'सावधान' त्यांनी अगदी हळू म्हटलं.

"म्हणून दाखवा ना."

मी म्हणून दाखवलं. थांबले त्यांच्यासारखी, खाकरलेसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबा असे नव्हते म्हणत."

ती गेली. चहा तसाच राहिला.

आता तिसरी कॉपी माझ्या माहेरी असते. कुठे आहे ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. यंदाच्या नवमीला भासऱ्यांनी त्या दोन बंद डिस्कसुद्धा पाटावर मांडल्या. हत्यार ते हत्यार, असं म्हणून त्यांनी पहिलं कुंकू त्यांनाच लावलं आणि सगळ्यांना नमस्कार करायला सांगितलं. सगळ्यांनी केला. मी केला नाही.