गावाची भांडी आणि ह्यांचं पोट

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची तर खिचडीच होते. चौथी पास होऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर लेखणी धरली ती माहेरी पत्र लिहिण्यापुरती. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, पण वाचलीच तर चुकांबद्दल राग धरू नये. ह्यांच्या दुखण्यात जिथे बोलायला हवं होतं तिथे मी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला. गावाची लग्नाची भांडी आमच्या घरी असत. तांब्याचे हंडे, दोन मोठी तपेली, काहील, पराती, सगळी वर्गणी काढून घेतलेली. लग्न असेल त्याने मागावीत, ह्यांनी मोजून द्यावीत आणि मोजून परत घ्यावीत. सासऱ्यांपासून हे काम आमच्याकडे होतं.

जुन्या धरणाखाली नवं, उंच धरण होऊन पाणी वाढलं तेव्हा नदीकाठचा गाडीरस्ता बुडाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो पुन्हा वर यायचा. जुनी चाकोरीसुद्धा ओळखू यायची. एका वैशाखात पलीकडच्या वाडीत लग्न होतं, म्हणून हे भांडी गाडीत घालून निघाले. सासूबाई म्हणाल्या, "वरच्या वाटंनं जा रं. खाली गाळ हाय."

हे हसले. "ल्हानपनापास्नं त्याच वाटंनं जातूय. डोळं झाकून जाईन."

माती वरून वाळून तडकली होती, आत गाळ ओलाच होता. मध्यावर गाडी आसापर्यंत रुतली, कलंडली आणि भांडी खालच्या डोहात गेली. बैल सोडवताना एकाचा पाय मोडला. माणसांनी दोन दिवस बुड्या मारल्या तेव्हा दोन पराती मिळाल्या. पुढे पाऊस लागला आणि सगळ्यावर पाणी चढलं.

गावाने दंड केला नाही. पाटील म्हणाले, "जमंल तसं भर." पण ह्यांनीच चावडीत उभं राहून सांगितलं, "समदी किंमत भरीन."

त्यानंतर गावात कुठलंही लग्न निघालं की दुसऱ्या गावाहून भांडी आणावी लागत. मग कोणीतरी म्हणायचंच, "आवंदा भात कशात शिजवायचा? धरनात?" सगळे हसायचे. हेही हसायचे. घरी आले की पोटावर मूठ दाबून बसायचे.

पोटाच्या वरच्या खड्ड्यात निखारा ठेवल्यागत वाटतं, असं म्हणत. चार घास गेले की घटकाभर बरं वाटे. पण ह्यांनी देवाला शब्द दिला होता, भांडी भरेपर्यंत गुरुवारी आणि रविवारी अन्न घेणार नाही. त्या दिवशी नुसता कोरा चहा. सासूबाईंना वाटलं, देवाचा राग अजून गेला नाही म्हणून दुखतं. त्यांनी सोमवारही धरायला लावला. मीही चूल बंद ठेवून पुण्यच करते आहे असं समजत होते.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "भावजींना पान्यातली बाई लागली गं. तुझ्यापरीस गोरी असंल." मी पदर तोंडाला लावून हसले. मग एका म्हाताऱ्याने विळ्याचं टोक तापवून ह्यांच्या पोटावर तीन डाग दिले. वरचे डाग महिन्यात भरले.

पुढे शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. तेव्हा भोरला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ह्यांनी बजावलं, "भांड्याचं काडू नको हां तितं. गावाची लाज हाय."

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. म्हणाले, "आत जखम पडली आहे. उपास बंद. दूध, पेज, थोडं थोडं दिवसातून सहा वेळा." मग ह्यांना विचारलं, "कसली काळजी आहे का?"

"न्हाई."

"झोप?"

"लागती."

लागत नव्हती. डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. जखम भरत आली की काळजी ती पुन्हा उकरते. पोट दुखलं की माणूस आणखी खचतो. घाण्याच्या बैलासारखं हे फिरतच राहतं. मला कळायला हवं."

मला सगळं ठाऊक होतं. मी फरशीकडे बघत राहिले. परक्या पुरुषापुढे माझा आवाजच निघत नसे, आणि त्या दिवशी मला ते सोयीचं वाटलं.

दुधावर महिनाभर बरं गेलं. मग लग्नं सुरू झाली. वाजंत्री ऐकू आली की हे ताटावरून उठत. दुखणं परत आलं. आणि पुढे पुढे तर दुखत नसे तेव्हाही भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. उरलेल्या बैलाच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवीनात.

"दुखतंय का?" मी विचारी.

"न्हाई."

"मग उठा की."

"कशाला?"

चार पावसाळे असे गेले. मी भोरच्या घरांचं भात कांडून देत होते, खळं झालं की चावडीत पैसे पोचवत होतो. मनाशी एकच धरलं होतं, हे फिटलं की ह्यांचं पोट भरून येईल आणि माणूस उठेल. त्या आशेवर मुसळ हलकं लागायचं.

शेवटच्या खेपेला ह्यांना उठवेना. मी चावडीत कधी पाय ठेवला नव्हता, ती गेले. पाटलांनी रुपये मोजले. म्हणाले, "फिटलं गं बाई. आता पोटभर जेव म्हनावं त्याला."

घरी पळतच आले. नव्या तांदळाचा मऊ भात केला, वर दूध घातलं, ताटली ह्यांच्यापुढे ठेवली. "अवो, फिटलं समदं."

मी दुसऱ्याच कोणाबद्दल सांगते आहे, तसे माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि कूस बदलली.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. ताटलीतला भात गार झाला तरी हे वळले नाहीत. पाटलांना मी दोनदा विचारलं होतं, काही राहिलं का. एक पैसुद्धा राहिली नव्हती.