वांदराची भाऊकी अन् रोशनीची सोयरीक

जीवशास्त्रात माह्या तोडीचा मानूस आमच्या गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात दुसरा नाही. शाळेत मी दुसरीपावेतो गेलो, अन् तेही आमची म्हैस शाळेच्या आवारात घुसे म्हनून तिच्या मागं.

तरी बी या विद्येच्या जोरावर मी माह्या पोरीची ठरत आलेली सोयरीक एका जेवनात मोडाच्या काठावर नेऊन बसवली. जास्त शिकलो असतो तं काय झालं असतं, देव जाने.

पोरीचं नाव रोशनी. गोंदियाले कॉलेजात आहे, बी.एस्सी.च्या शेवटल्या वर्षाले. त्याच कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात निलेश नावाचा पोरगा होता. सडक अर्जुनीचा. आता तो देवरीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. दोघायची पसंती दोघायनंच करून टाकली होती. आमी राजी, त्याचे मायबाप राजी. उरला होता निलेशचा आजा, आबाजी. अन् त्यायच्या घरात आबाजी म्हंजे हायकोर्ट. खालच्या कोर्टाचा निकाल तो वाचत बी नाही.

त्या पट्ट्यात कोनाचीही सोयरीक निघाली का पयले आबाजीले बोलावते, कारन कोन कोनाच्या भाऊकीतला हे त्याले सात पिढ्यापावेतो तोंडपाठ. भाऊकी म्हंजे एका आज्याची पोरंबाळं. तिथं सारे भाऊ-बहीन, तिथं लग्न लागत नाही. आबाजीनं किती तरी लग्नं ऐन हळदीवर मोडले म्हनते. (एक तं नवरदेव घोड्यावर बसल्यावर मोडलं. घोड्याले समजलं, ते घरी निघालं. नवरदेवाले काही समजे ना.)

आता रोशनीच्या मायले आबाजीची भीती नव्हती. सात पिढ्यात आमचा-त्यायचा कोठंच मेळ नाही, हे तिनं आधीच चौकशी करून ठेवलं होतं. तिले भीती माही. मी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हंजे गावच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात जोकर होतो, अन् दंडार संपली तरी माहा जोकर काही घरी जात नाही. पाव्हने येनार त्याच्या आदल्या दिवशी तिनं मले अंगनात उभं केलं.

"उद्या तुमी तीनच शब्द बोला. या, बसा, जेवा."

"अन् ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर बी बोलू नोका."

पन मले वाटे, जवाई शिकला-सवरला. सासरा बावळा दिसला तं पोरीचीच मान खाली जाईन. अन् मी काही बिनतयारीचा नव्हतो. रोशनी परीक्षेसाठी अंगनात मोठ्यानं वाचत राहे, अन् मी बाजूले तुरीच्या शेंगा सोलत बसत राहो.

"बाबा, वांदरापासून मानूस नाही झाला," ती मले सांगे. "वांदराचा अन् आपला लय जुना पूर्वज एक. तिथून फांद्या फुटल्या. एक तिकडं गेली, एक इकडं आली."

"म्हंजे चुलतभाऊ."

"लय लय दूरचा. पन हो."

"अन् फांद्या फुटल्या कशा?"

"तुमी धानाचं बियानं कसं ठेवता? चांगली लोंबी निवडून. दरसाल तसंच केलं तं हळूहळू धान बदलते का नाही? जंगलात निवडनारा कोनी नाही. ज्याच्यात तगाचा गुन होता तो तगला, त्याले पोरं झाले, तो गुन पोरायमधी आला. असं लय पिढ्या चाललं."

मंग एका इतवारी ताटात कोंबड्याचा पंख आला, तं तिनं तो सोलून दाखवला. खांद्याले एक हाडूक, कोपराखाली दोन, पुढं बारीक बोटायचे. "आता तुमचा हात चाचपून पाहा," म्हने. मी चाचपला. खांद्याले एक, कोपराखाली दोन. माह्या अंगावर काटा आला. एवढा धक्का मले माह्या लग्नात बी बसला नव्हता. (पंख तरी खाल्ला. धक्क्यानं भूक काही मरत नाही.)

तं असा मी तयार.

पाव्हने आले. आबाजी, आजी अन् निलेश. मी म्हनलं, "या." मंग म्हनलं, "बसा." पाव्हने बाजेवर बसले, अन् माहे तीनातले दोन शब्द संपले. जेवनाले अजून लय वेळ होता.

चहा आला. आबाजीनं रोशनीचं नाव विचारलं, शिक्षन विचारलं, मान हलवली. सारं गंगेवाणी वाहून राहिलं होतं. तेवढ्यात छपराच्या कवेलूवर धपाधप वांदरं उतरले अन् तिथं वाळत घातलेल्या मुगवड्या मुठी भरभरून खाऊ लागले. आबाजीनं काठी आपटली.

"लय मातले हे वांदरं. यायले गोफनीनं हानाले पाह्यजे."

आता मी तोंड बंद ठेवाले नको होतं का? पन वाटलं, हाच टाइम. विद्या दाखवाची तं आता.

"असं नोका म्हनू, आबाजी. आपल्यातलेच होत ते."

"आपल्यातले म्हंजे?"

"चुलतभाऊ म्हना. त्यायचा अन् आपला आजा एक."

आबाजीनं कप खाली ठेवला. "माहा आजा कोन होता, ठाऊक आहे का तुले? पंचक्रोशीचा न्याय करे तो."

"तो नाही गा. त्याच्या बी मागचा. तुमचा एकट्याचा नाही, माहा बी तोच. तुमचा, माहा, या वांदरायचा, सगळ्यायचा एकच."

दाराच्या आडून रोशनीची माय मले हातानं खुना करून राहिली होती. मले वाटलं, शाबासकी देऊन राहिली.

आबाजी बाजेवर पुढं सरकला. "थांब, सदाराम. तुहा अन् माहा आजा एक?"

"शास्त्रात आहे."

"म्हंजे तू अन् मी भाऊकी?"

"आता भाऊकीच म्हना," मी खुशीत म्हनलं. पोरीच्या सासरच्या ईवायायले एवढं जवळचं मानलं तं कोनाले बी बरंच वाटंन.

आबाजीनं निलेशकडं पाहलं. मंग दाराकडं पाहलं, जिथं रोशनी उभी होती. अन् निलेशले म्हनला, "ऊठ. ती पोरगी तुही बहीन होय."

वरचं एक वांदर मुगवडी तोंडात धरून तसंच थांबलं. मी कोंड्याले काडी लावली होती, अन् आता सारी गंजी पेटून राहिली होती.

निलेश गरीब पोरगा. त्यानं सावराले पाहलं. "आबाजी, ते तसं नाही. हे आमाले कॉलेजात बी शिकवलं..."

"तुले ठाऊक होतं?"

"हो, पन..."

"ठाऊक असून पोरगी पाहाले आलास?"

निलेशचं तोंड जे बंद झालं ते शेवटपावेतो उघडलं नाही. तेवढ्यात रोशनीची माय बाहेर आली अन् म्हनली, "जेवाले बसा." माहा तिसरा शब्द तिनं वापरून टाकला. आता माह्याकडं बोलाले काहीच उरलं नव्हतं, अन् तिथंच खरा घोळ झाला. कारन मंग मी बिनपरवान्याचं बोलू लागलो.

तयार झालेलं अन्न सोडून जानं बरं नाही म्हनून आबाजी पाटावर बसला. पन तोंड असं, जसं मयतीच्या जेवनाले बसला. गावरानी कोंबड्याचा रस्सा, भात. मी मनात हिशेब मांडला. आबाजीले वाटून राहिलं का आपन दोनच घरं भाऊकी. जगातले सारेच भाऊकी आहेत हे त्याले पटवलं, तं मंग भाऊकीचं काही कौतुकच उरत नाही. सारेच भाऊ तं कोनीच भाऊ नाही. (हा हिशेब मले अजून बी बरोबर वाटते.)

माह्या ताटात पंख होता. मी तो उचलला.

"आबाजी, तुमचा डावा हात द्या जरा."

"कायले?"

मी तोवर धरला होता. त्याच्या हाताच्या बाजूले पंख ठेवला अन् बोट लावून दाखवू लागलो. "हा पाहा खांदा. तुमचं एक हाडूक, याचं एक. हे कोपर. तुमचे दोन, याचे दोन. अन् हे तुमचे बोटं."

आजीचा घास तोंडाजवळ थांबला. "म्हंजे हा कोंबडा बी?"

"भाऊकीतलाच, आजी."

"मंग आपन हे काय खाऊन राहिलो?"

मी ताटाकडं पाहलं. या बाजूनं मी कधी इचारच केला नव्हता.

आबाजीनं हात सोडवून घेतला. आवाज एकदम बारीक. "भाऊकीतला जीव गेला म्हंजे सुतक लागलं. आता सुतकात तं सोयरीकीची गोष्ट तोंडातून बी काढत नाही."

"कोंबडा बाजूले ठेवा," मी घाईनं म्हनलं. "नुसता भात घ्या. भाताले काही नाही. म्हंजे तसा धान बी..."

"अवो!" रोशनीची माय.

"...पन लय दूरचा."

आजीनं भाताचं ताट बी सरकवलं. आबाजी उठला, हात धुतला अन् विचारलं, "जोडा कोठं आहे माहा?"

तवा रोशनी बाहेर आली. तिनं माह्याकडं पाहलं. रागानं पाहलं असतं तं मी हासन्यावारी नेलं असतं, त्याची मले सवय आहे. पन ती रागात नव्हती. वर्षभर अभ्यास केलेला पेपर हातातून वाऱ्यानं उडून गेला तं मानूस जसं पाहते, तसं पाहून राहिली होती. दंडारीत जोकर पडला तं लोकं हासते. इथं पोरगी पडून राहिली होती, अन् ढकलनारा मी.

ती आबाजीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबाजी, बाबानं सांगतलं ते खोटं नाही."

मी छाती फुगवली.

"पन अर्धं सांगतलं."

मी छाती सोडली.

"मले एक सांगा. भाऊकी किती पिढ्या चालते?"

आबाजीचा एक पाय जोड्यात, एक बाहेर. पन सवाल त्याच्या आवडीचा होता. "सात. सात पिढ्या गेल्या का सुतक फिटलं, भाऊकी तुटली. मंग सोयरीक चालते."

"अन् आपल्या दोन घरायचा सात पिढ्यात कोनी एक आहे?"

आबाजीनं डोळे मिटले. बोटाच्या पेरायवर अंगठा चालू लागला. तो कोनत्या कोनत्या गावात गेला, कोनाच्या आज्याच्या आज्याले भेटून आला, काही कळे ना. शेवटी डोळे उघडले. "नाही. कोनीच नाही."

"मंग झालं. बाबा जो आजा सांगून राहिले तो साऱ्या मानसायचा होय. हजारो पिढ्या मागं. वांदराचा अन् आपला एक व्हाले लाखो पिढ्या मागं जा लागते. अन् कोंबड्याचा एक व्हाले तं त्याच्या बी कितीतरी मागं."

"लाखो?"

"लाखो."

आबाजी मटकन बाजेवर बसला. जन्मभर सात पिढ्यायच्या जोरावर मिशा पिळल्या त्या मानसानं. सकाळपासून साऱ्यात मोठा धक्का हाच होता. "लाखो पिढ्या. कोन ठेवते पाठ?"

"पाठ नाही ठेवत. दगडात हाडं सापडते, त्याच्यावरून कळते. अन् प्रत्येकाच्या अंगात बी त्याची निशानी राहते, ती आता तपासता येते." मंग तिनं आजीकडं हात केला. "अन् आबाजी, तो आजा धरला, तं तुमी अन् आजी बी भाऊ-बहीनच."

आबाजीनं आजीकडं पाहलं. आजीनं आबाजीकडं पाहलं.

"तवाच," आजी म्हनली. "मी इतके वर्षं इचार करून राहिली, याचं माहं भाऊ-बहिनीवाणी भांडन काऊन होते."

निलेश तोंड फिरवून खोकू लागला. आबाजीनं जोड्यातला पाय हळूच बाहेर काढला. काठी बाजेले टेकवली. हायकोर्टानं निकाल द्याच्या आधी घसा साफ केला.

"सात गेल्या का भाऊकी तुटते. इथं लाखो गेल्या. सुतक नाही, काही नाही. पोरगी हुशार आहे, मले पसंत. वाढा."

"काय वाढू?" रोशनीची माय. तिले अजून खरं वाटून नव्हतं राहिलं.

"कोंबडा वाढा. अन् तो पंख मले द्या."

आबाजीनं पंख खाल्ला, पन खाता खाता दोनदा आपला हात चाचपून पाहला. साक्षगंध, म्हंजे साखरपुडा, पुढच्या महिन्यात कराचं ठरलं. रोशनीनं डोळे पुसले, तिच्या मायनं बी पुसले. मी ओट्यावर उकिडवा बसून डोकं खाजवून राहिलो होतो, मनात म्हनून राहिलो होतो का काही म्हना, सोयरीक जमली ती माह्याच विद्येनं.

आजीनं रोशनीले जवळ बसवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मंग माह्याकडं लय वेळ पाहत राहिली.

"बेटी, वांदराचे अन् आपले फाटे फुटल्याले लाखो पिढ्या झाल्या, असं म्हनतेस ना तू?"

"हो, आजी."

"तुह्या बापाकडं पाहून तं दोन-तीनच झाल्या वाटते."