परीकथेला कोरम लागतो

परीकथा ऐकायलाही कोरम लागतो असं मानणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या शेजारच्या पालात राहायला होता. दुष्काळाच्या त्या साली जनावरं जगवायला मी घाटनांदूरच्या बाजूला चारा छावणीत येऊन राहिले होते. आमचे मालक गावी म्हाताऱ्या सासूसासऱ्यांजवळ. इथं मी, दोन गाई आणि माझी लहानगी पोर. पोर दिवसभर खेळायची, पण अंधार पडला की “घरी चल” म्हणून असा सूर लावायची की झोपेचं नाव नको. दिवसभर चाऱ्यापाण्याला राबलेली माणसं एक दिवस मला हाकलून देतील, ही माझी धास्ती. पण हाकलायच्या ऐवजी शेजारच्या पालातून आवाज आला, “बाई, पोरीला आना इकडं. सभा हाय.”

हे आमचे सचिवसाहेब. हयात गावच्या सोसायटीत गेली. आता निवृत्त होऊन दोन बैल आणि नातवंडांसाठी घेतलेलं परीकथांचं जाडजूड रंगीत पुस्तक घेऊन छावणीत आलेले. सभा म्हणजे कथावाचन. बाजेवर ताठ बसून ते आधी डोकी मोजत. कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी, तेवढ्याच माणसांपुढं पुन्हा सुरू, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही! तोवर निम्मी पोरं घोरायला लागलेली. मग मागच्या सभेच्या इतिवृत्तासारखी आदल्या रात्रीची गोष्ट वाचून कायम करायची. कुणी “कायम” म्हणेपर्यंत राक्षसाची पाऊल टाकायची टाप नव्हती. एका राजानं जावयाला अर्धं राज्य देऊन टाकलं, तर साहेबांनी पुस्तकच मिटलं. “सभासदांना इचारलं का यानं? ठराव कुठं हाय?” शेवटी हात वर करून मतदान झालं आणि जावयाला राज्य नुसतं कसायला मिळालं. चित्र आलं की पुस्तक सगळ्यांसमोरून फिरवायचे, बैलांसमोरूनसुद्धा. राजवाड्यातलं कारंजं बघून एक म्हातारी उसळली, “आवं सचिवसायेब, एवढं पानी ह्याला कुठून आलं?”

“मावशी, टँकर चित्राच्या भाईर उभा हाय.”

माझी पोर छावणीत पहिल्यांदा हसली ती तेव्हा. हसता हसता माझ्या मांडीवर कलंडलीही.

पुढं धुळीनं साहेबांचा घसा पार बसला. त्या रात्री सभा भरली, पण आवाज फुटेना. पोरीचे ओठ थरथरायला लागले. साहेबांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी सहावीतनं शाळा सोडलेली. जोडाक्षर दिसलं की अंगाला घाम.

“मला न्हाई जमायचं. लई वर्सं झाली.”

“वाच गं ताई,” पलीकडच्या पालातला गडी म्हणाला. “आमाला तरी कुठं येतंय? चुकलीस तर कळनार कुनाला?”

सगळे हसले, मीही हसले आणि त्या हसण्यातच पहिली ओळ निघून गेली. अडले की साहेब शब्दाखाली बोट धरत, एकेक अक्षर सुटं करून दाखवत. एका परीला मी तिच्या राजवाड्याच्या दारात बराच वेळ ताटकळत ठेवलं, पण कुणी घाई केली नाही. पोर कधीच झोपली होती. थांबले असते तरी चाललं असतं. मी पान उलटलं.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली, जो तो आपापली जनावरं हाकत निघून गेला. आता आम्ही कामासाठी पुण्याकडं असतो. पोर मोठी झाली, तिचं ती वाचते. इथं आमच्या गल्लीतली बारकी पोरं संध्याकाळी माझ्याकडं पुस्तक घेऊन येतात आणि मी त्यांना वाचून दाखवते. जोडाक्षराला अजून किंचित थांबते. गावाकडचं कुणी भेटलं की विचारावंसं वाटतं, सचिवसाहेब कसे आहेत? शब्द ओठांवर येतो आणि मी पावसापाण्याचं विचारते. आहेत, असंच धरून चालायला मला बरं वाटतं.