चाकण चौकातली किक

चाकणच्या चौकात तो मोटारसायकलवाला रोज नेमका माझ्याच गाडीपुढे यायचा. सिग्नल लाल झाला की चावी फिरवून इंजिन बंद करायचा आणि टाकीवर हात ठेवून निवांत बसायचा. त्याच्या मागे कुठल्यातरी कंपनीच्या युनिफॉर्ममधला कुणीतरी लिफ्ट घेऊन बसलेला असायचाच, रोज वेगळा. हिरवा लागला की ते जुनं इंजिन चार किक मारल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. तोवर परत लाल! माझं टाळकं सटकायचं.

एकदा काच खाली करून मी ओरडलोच, "अहो, कशाला बंद करता दर वेळी? तुमच्यामुळे आम्ही सगळे अडकतो!"

तो शांतपणे गाडी स्टँडला लावून खिडकीशी आला आणि आत वाकला. माझ्या मागच्या सीटवर आमच्या कंपनीत लावायची पोस्टरं होती : 'कार्बन उत्सर्जन घटवू, देशाचं उद्दिष्ट गाठू.'

"हितं तीन माणसं बसत्यात, साहेब. तुमी कागदं बसवलीत," तो म्हणाला. "आन् मी अडवतोय व्हय? मागं बघा जरा."

मी आरशात पाहिलं. लांबच लांब रांग, सगळी इंजिनं चालू, आणि प्रत्येक काचेमागे एकच डोकं, माझ्याइतकंच वैतागलेलं.