कॉग्नॅक म्हणजे औषध

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही. नीट सांगता येईल का — माहीत नाही.

मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. माझा थोरला भाऊ, दादा, दहावीनंतर फौजेत गेला, मी शिकावं म्हणून. परत आल्यावर तासगावात द्राक्षबाग करू लागला. मधली काही वर्षं दारूनं त्याला पार पोखरलं होतं. वहिनीनं सगळं सोसलं, उपचार केले, आणि त्यानं सोडली. चार वर्षं थेंबाला शिवला नव्हता. गावात तो माझं कौतुक सांगायचा, "ह्याला इंग्रजीतला कुठलाबी शब्द इचारा."

एका सकाळी तो द्राक्षांची पेटी घेऊन घरी आला. खोकल्यानं बेजार. कपाटात एक बाटली होती — फ्रान्सला गेलेल्या विद्यार्थ्यानं दिलेली, मी कधी न उघडलेली. वर द्राक्षाच्या घडाचं चित्र. दादानं ती हातात घेतली.

"काय लिवलंय रं हे?"

"कॉग्नॅक," मी वाचलं. उच्चारही चुकलाच — कोन्याक म्हणतात, ती फ्रान्सची ब्रँडी, हे मला नंतर शब्दकोशात सापडलं. तेव्हा अर्थ ठाऊकच नव्हता. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण दादासमोर? कसं म्हणणार होतो?

"द्राक्षाचा अर्क आहे. तिकडे खोकल्याला औषध म्हणून घेतात."

त्यानं झाकण उघडून हुंगलं. "ब्रँडीगत वास येतोय की."

"औषधाला वास असतोच," मी चिडून म्हणालो.

आणि इथं — इथं मला थांबावंसं वाटतं. मघाशी म्हणालो, अर्थ ठाऊक नव्हता. खरं आहे ते. पण तो पेल्यात ओतत होता तेव्हा लेबलाच्या खालच्या कडेला मला दिसलं होतं — चाळीस टक्के अल्कोहोल. हात पुढे करायला कितीसा वेळ लागतो? मी गप्प राहिलो. शब्द मागे घ्यावा लागला असता, म्हणून. तो प्याला. जाताना बाटली मागितली, तीही दिली.

आठ दिवसांनी वहिनी त्याला घेऊन आली. तो पुन्हा प्यायला लागला होता.

"भावजी, हे म्हंत्यात तुमीच औषध म्हणून दिली. खरं सांगा."

दादा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही — नुसती वाट बघत.

"मी दारू देईन का, वहिनी? दादा, निदान माझ्यावर तरी ढकलू नकोस."

त्यानं मान खाली घातली. त्यानंतर तो विषय त्यानं कधीच काढला नाही. वहिनी मुलीला घेऊन माहेरी, वडूजला गेली. दादाची पुन्हा सुटली नाही. गेल्या वर्षी साताऱ्याच्या दवाखान्यात तो गेला. वहिनी आली होती, पण शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. खोटारड्याशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं.

परवा वडूजला गेलो होतो. पुतणीनं बापाचा फोटो भिंतीवर लावायला काढला होता. वहिनी तिला म्हणाली, "ठेव आत. दारू प्याला त्याचं काय न्हाई गं, पण देवमाणसासारख्या भावावर आळ घेतला त्यानं."

पोरीनं फोटो आत नेला. मी समोरच बसलो होतो. चहा संपवला, आणि उठलो.