आधी नाव सांग, मग चाप ओढ

आमच्या गन क्लबात पाच माणसं, पाच बंदुका. प्रत्येकाजवळ बाकीच्या चौघांचे पोतंभर किस्से आहेत, स्वतःचा एकाकडेही नाही. नेम चुकला की किस्सा होतो, लागला तर त्याहून मोठा होतो. गवतातून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात तसे हे चिकटतात. घरी येऊन एकेक उपटत बसायचं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला लिहिणं नीट जमत नाही. पण नुसतं बसणं त्याहून जमत नाही, म्हणून लिहितो.

बायको गेली तेव्हा माझ्या मुलानं, सुनीलनं, मला यवतमाळहून उचलून इकडे आणलं. तो आयर्लंडात मलिंगारला डॉक्टर. साल २००९. घर गावाबाहेर. सकाळी आठला मुलगा-सून गाडीत बसून जातात, नात शाळेत जाते. संध्याकाळी नातीला विचारावं, जेवलीस का, तर म्हणते, "आय अ‍ॅम ग्रँड, आजोबा." म्हणजे मजेत आहे. झालं बोलणं. मग मी खिडकीतून दाराशी, दारातून कुंपणाशी. बत्तीस वर्षं जंगल खात्यात वनमजूर होतो. सोफ्यावर बसलो की पाय आपोआप हलायला लागतात.

कुंपणापलीकडे शेमस. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गाई, मेंढ्या, बापाच्या वेळची दुनळी बंदूक आणि ब्रायडी नावाची बायको. त्याचं इंग्रजी सुनीललाही कळत नाही. मला कळतं, कारण मी ऐकतच नाही, हात बघतो. त्यानं माझ्या पांडुरंगचं आधी पँडी केलं, आठवड्यात पॅडी. एका रविवारी बंदुकीकडे बोट दाखवून मान हलवली, आणि मी काठी घेऊन निघालो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. शेमसला नीट दिसत नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि नंतर मला. तिसऱ्याला कळलं तर त्याची बंदूक जाणार. नाही कळलं तर एखाद्याचा जीव जाणार. माझा दुसरा हिवाळा या दोन्हींच्या मध्ये लटकत गेला.

*

क्लबाचा कॅप्टन टॉम, रिटायर्ड पोस्टमन. माझ्या पहिल्याच दिवशी त्यानं शेमसच्या अंगणात अर्धा तास भाषण केलं. कुंपण ओलांडताना बंदूक उघडी ठेवा. झाडोऱ्याच्या दिशेनं बार काढू नका. आणि काहीही झालं तरी डोक्यावरची भगवी टोपी काढू नका. मला त्यातलं टोपी तेवढं कळलं, कारण एक माझ्याही डोक्यावर बसवली.

तासाभरानं पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात काहीतरी हललं. शेमसची बंदूक खांद्याला. मी खालून काठी घालून नळी आभाळाकडे केली. बार वर गेला, कावळे उडाले, आणि झुडपातून टॉम उभा राहिला. पँट गुडघ्याशी. डोकं उघडं. टोपी दहा पावलांवर एका फांदीला नीट टांगलेली.

शेमसनं विचारलं, टोपी का काढलीस?

टॉम म्हणाला, "घातली असती तर मी सगळ्यांना दिसलो नसतो का?"

*

त्या दिवशी चहा पिताना मी त्यांना म्हादूकाकाची गोष्ट सांगितली. सुनील घ्यायला आला होता, त्याला म्हटलं, शब्द न् शब्द इंग्रजीत सांग, डॉक्टरी करू नको.

आमच्याकडे तुरीत डुकरं शिरायची. गावच्या पाटलाजवळ बंदूक. एका पहाटे तूर हलली आणि पाटलानं मारलं. आत म्हादूकाका, अंगावर काळी घोंगडी. डुकरं हाकलायला तोच आधी आत शिरला होता. मांडी फुटली. वाचला, पण पुढची तीस वर्षं पाय ओढत चालला. पाटील प्रत्येक पोळ्याला त्याच्याकडे धोतर घेऊन यायचा आणि एकच सांगायचा, अरे, हललं म्हणून मारलं. म्हादूकाका धोतर घ्यायचा आणि म्हणायचा, "मालक, झाड पण हलते."

मग मी काठी आपटून सांगितलं की नाव सांगता येत नसेल तर चाप ओढायचा नाही. शेजारच्यानं विचारायचं, 'नाव सांग'. ज्याच्या खांद्याला बंदूक आहे त्यानं मोठ्यानं सांगायचं, काय दिसतंय. नाही सांगता आलं तर बंदूक खाली.

टॉमनं ते क्लबाच्या वहीत लिहून घेतलं. मराठीतच, त्यांच्या अक्षरात. पुढच्या रविवारपासून आयर्लंडच्या शेतात माणसं एकमेकांवर ओरडू लागली, नाव सांग! ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा फ्रँक तर इतका चेकाळला की स्वतःच विचारायचा आणि स्वतःच सांगायचा.

*

हा फ्रँक म्हणजे एक नमुनाच. इथं फेझंट नावाचा पक्षी मारतात, कोंबड्याएवढा. नर लाल-सोनेरी, शेपूट हातभर. मादी मातकट. क्लबाचा नियम असा की मादीला हात लावायचा नाही, पिल्लं कोण काढणार? ज्याच्या हातून मादी पडली त्याची बंदूक दिवसभर गाडीत, आणि सगळ्यांच्या पिशव्या त्याच्या खांद्यावर.

एका रविवारी फ्रँकची बंदूक खांद्याला. नाव विचारलं तर छाती काढून म्हणाला, नर. बार काढला, पडली मादी. कोणी बघायच्या आत त्यानं ती उचलून कोटात कोंबली आणि आमच्याकडे येऊन म्हणाला, नेम हुकला. जन्मात पहिल्यांदा या माणसानं हुकल्याचं कबूल केलं, तेव्हाच मला संशय आला.

शेमसच्या स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती. फ्रँक कोट काढेना. चुलीशेजारी घामानं निथळतोय, म्हणतोय, मला थंडी वाजतेय. तेवढ्यात कोट हलायला लागला. मादीला फक्त पंखाला छर्रा लागला होता. तिनं गळ्याशी डोकं बाहेर काढलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

ब्रायडीनं कपाटातून एक कप वाढीव काढला. म्हणाली, "फ्रँक, बाईंना साखर किती?"

*

दुसऱ्या हिवाळ्यात लिमरिकहून सुनीलचा मित्र आला. पुण्याचा इंजिनियर. त्याला शिकारीचे फोटो काढायचे होते. पायापासून टोपीपर्यंत पानापानांचे कपडे, ऑनलाइन मागवलेले. तोंडाला पण हिरवा-काळा रंग फासून आला.

"काका, ओळखलं का?" म्हणाला.

म्हटलं, तेच तर दुखणं आहे. आणि विचारलं, तुला दिसायचं नाहीये ते कोणाला? पक्ष्याला, की बंदूकवाल्याला?

तो म्हणाला, अर्थात पक्ष्याला. मी सांगितलं की पक्षी तुला मारणार नाही. टॉमनं ब्रायडीचा गुलाबी ॲप्रन आणून त्याच्या गळ्यात अडकवला, पाठीमागे गाठ मारली. दिवसभर तसाच फिरला बिचारा. फोटो त्यानं सगळ्यांचे काढले, त्याचा मात्र कोणाला काढू दिला नाही.

तो दिवस मजेत गेला खरा. पण त्या दिवशी मी एक पाहिलं. गुलाबी ॲप्रन घालून पोरगा शेमसच्या समोर तीस पावलांवर उभा होता, आणि शेमसनं मला हळूच विचारलं, तो लिमरिकवाला कुठे गेला?

*

मग मी लक्ष ठेवायला लागलो. शेमस नावं कधी चुकत नव्हता. नाव सांग म्हटलं की पक्षी गवतातून निघाला न निघाला तोच म्हणायचा, नर. नेहमी बरोबर. माझ्या उशिरा ध्यानात आलं की तो पंखांच्या आवाजावरून सांगतोय. नराचा फडफडाट जड असतो, आणि उठताना तो ओरडतो. पन्नास वर्षं ऐकलेले कान. पण माणूस फडफडत नाही.

एकदा कुंपणाशी उभं करून विचारलं, पलीकडच्या शेतात काय आहे? म्हणाला, दोन कालवडी, उजवी जरा लंगडते. तिथे ताडपत्री घातलेला त्याचाच ट्रॅक्टर होता.

मी सांगितलं, ट्रॅक्टर आहे. त्यानं माझा हात धरला. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, त्यांच्याकडे लायसन्सचा नवा फॉर्म द्यायचा होता. त्यात प्रकृतीचं लिहायचं असतं. हा सीझन होऊ दे, म्हणाला. ब्रायडीला पण सांगू नको.

सुनीलला मी नाव न घेता विचारलं. त्यानं लगेच ओळखलं. म्हणाला, "बाबा, मोतीबिंदू असेल. तपासून घ्यायला सांगा. तोवर एकतर टॉमला सांगा, नाहीतर त्यांच्याबरोबर जाऊ नका." आणि जाता जाता म्हणाला, तुम्हीही एकदा डोळे दाखवा.

मला काय धाड भरलीय? शंभर पावलांवरून सागाच्या पानात बसलेला बिबट्या ओळखलेला माणूस आहे मी. तसं त्याला ऐकवलं.

टॉमला सांगायला तीनदा गेलो. तीनदा पोस्टातल्या गोष्टी ऐकून परत आलो. घरात या खोलीतून त्या खोलीत. सून म्हणाली, बाबा, फरशी झिजेल. शेवटी ठरवलं की दर रविवारी शेमसच्या उजव्या खांद्याशी आपण उभं राहायचं. त्याची बंदूक, माझे डोळे. मोठा हुशार मी.

*

हा शेवटचा किस्सा माझा स्वतःचा आहे, म्हणून क्लबात अजून कोणाला माहीत नाही.

जानेवारीचा शेवटचा रविवार, सीझनचा शेवटचा दिवस. टॉम, फ्रँक आणि क्लबातले दोघे भाऊ, जे कधीच काही बोलत नाहीत, ते ओढ्याकडे गेले. शेमस आणि मी वरच्या अंगाला, दगडी कुंपणाशी. समोर उतारावर वाळलेलं नेचं, फर्न म्हणतात ते, खांद्याएवढं, सगळं तपकिरी. दर रविवारी अकराला ब्रायडी चहाचा थर्मास घेऊन रस्त्यानं फाटकाशी यायची. अजून वेळ होता.

नेच्यात हललं. थांबलं. परत हललं, आमच्याकडे.

शेमसची बंदूक खांद्याला गेली. पंखांचा आवाज नाही. काही ओरडलं नाही. मी म्हटलं, नाव सांग.

नळी हलणाऱ्या जागेवर. बोट चापावर.

परत म्हटलं, "शेमस, नाव सांग."

त्यानं डोळा नळीवरून काढला नाही. म्हणाला, "तू सांग, पॅडी."

मी बघितलं. डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं. टोपी मागे सारून बघितलं. तपकिरीत तपकिरी. कडा कुठे नाही. कोल्हा म्हणावं तर कोल्हा, मेंढी म्हणावं तर मेंढी. सागाच्या पानातला बिबट्या ओळखणारा मी, वीस पावलांवर मला काही दिसेना.

म्हटलं, मला नाही सांगता येत.

मग त्यानं बंदूक खांद्यावरून उतरवली, मधून उघडली, दोन्ही काडतुसं काढून कुंपणावर उभी ठेवली आणि खाली बसला. मीही बसलो. माझे पाय हलत होते, त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं समोर बघत बसलो.

नेचं बाजूला झालं आणि ब्रायडी बाहेर आली. अंगावर शेमसचा जुना तपकिरी कोट, काखेत थर्मास. रस्त्यावर बर्फाची काच झाली होती म्हणून नेच्यातून आली.

"असे काय बसलाय दोघं?" म्हणाली.

शेमस म्हणाला, "नाव विचारलं होतं. सांगेपर्यंत थांबलो."

तिनं त्याच्या मांडीवरची उघडी बंदूक बघितली. कुंपणावरची काडतुसं बघितली. मग ज्या वाटेनं आली ती एकदा वळून बघितली. काडतुसं उचलून कोटाच्या खिशात टाकली, थर्मास उघडला आणि आमच्या हातात कप दिले.

आम्ही कप पुढे केले. शेमसचा जरा उजवीकडे गेला, माझा जरा डावीकडे. ब्रायडीनं दोन्ही धरून मध्ये आणले आणि चहा ओतला.