हिरव्या दोऱ्याची शिवण

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता तपशिलासकट सांगता येणार नाहीत, पण पितळेच्या एका फूटवॉलची ती घटना मला अजून जशीच्या तशी आठवते. मालाची किंमत शंभर रुपयांच्या आतच होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष असावं. जालना जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दीडेक महिन्यात हद्दीतल्या तीन विहिरींवरून पंपाचे फूटवॉल चोरीला गेले. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तोंडाशी ही पितळी झडप बसवलेली असते. ती नसली की इंजिन कितीही चालवा, पाणी वर चढत नाही. विहिरींना नुकतं कुठे पाणी आलं होतं, रब्बीचा गहू उभा होता, त्यामुळे तिघे तक्रारदार आळीपाळीने ठाण्याच्या बाकावर येऊन बसत.

एका सकाळी हद्दीतल्याच एका गावचा किराणा दुकानदार आला. सदरा इस्त्रीचा, आवाज खालचा. गावात दर गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात लोक जमतात आणि पैशाशिवाय देवघेव करतात, अशी त्याची खबर होती.

"पैसा न्हाई, पावती न्हाई, साहेब. चोरीचा माल खपवायला याच्याहून बराबर जागा कोणती?" तो म्हणाला. "शिवणकाम करणाऱ्या बाईकडं फूटवॉल हाय. मशीनखालच्या पेटीत, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला."

तुम्ही तिच्या घरी गेला होतात का, असं मी विचारलं. "आम्ही कशाला जाऊ तिकडं?" असं तो म्हणाला आणि उठला.

खबर मी ठाणे डायरीत घेतली. माणसाला जेवढं कळायला हवं त्याहून जास्त कळत असेल, तर ते जास्तीचं वेगळं लक्षात ठेवायचं, ही माझी सवय होती. पोत्याचा तुकडा मी लक्षात ठेवला.

झडतीला पोलीस पाटील आणि एक म्हातारे धनगर असे दोन पंच घेतले. बाई पस्तिशीच्या आत-बाहेर, विधवा, बौद्ध वस्तीत राहणारी. नवरा शिंपीकाम शिकलेला होता, त्याच्यामागे मशीन तिने चालवलं. तिने स्वतःच पेटी ओढून पुढे केली. आत ज्वारीची पिशवी, लोकरीच्या दोन लडी, अंबाडीचा वळलेला दोर, एक नवी विळी आणि तळाशी पोत्याच्या तुकड्यात फूटवॉल. तक्रारदारांपैकी एकाने त्यावरची कानशीची खूण दाखवून तो ओळखला. पंचनामा झाला. मशीनवर अर्धवट शिवलेलं पोलकं होतं. पांढऱ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची शिवण पाहून माझ्यासोबतचे जमादार हसले. बाई म्हणाली, "या महिन्यात हाच दोरा आल्ता. जो आला त्यानं शिवायचं."

त्या देवघेवीची पद्धत मी पोलीस पाटलांकडून समजून घेतली. दुष्काळात लोकांच्या हातात रोकड राहिली नाही, पण हात होते. गवंडी होता, लोहार होता, म्हातारे धनगर घोंगडी विणत, कुणाकडे ज्वारी, कुणाकडे शेळीचं दूध. या बाईने आणि शाळेच्या गुरुजींनी मिळून गुरुवार ठरवला. ज्याला जे देता येईल ते त्याने आणायचं, बदल्यात लागेल ते न्यायचं. उरलेली वस्तू पुढच्या गुरुवारपर्यंत बाईच्या पेटीत. दिवसभराचं काम दोन पायल्या ज्वारीच्या बरोबरीचं धरत. मी विचारलं, गवंड्याचा दिवस आणि शिवणारणीचा दिवस सारखाच? पाटील म्हणाले, "यावरच दोन गुरुवार भांडण झालं, साहेब. शेवटी बाई म्हणली, सूर्य दोघांनाबी एकच. गवंडी आजूनबी कुरकुर करतो, पण येतो."

आणखी दोन नियम होते. देवघेव शाळेतच, कुणाच्या दारात नाही. आणि एका घराने काय दिलं, काय नेलं, ते दुसऱ्या घरी सांगायचं नाही.

बायकांना ठाण्यात बोलावणं मी शक्यतो टाळत असे. बाईची चौकशी शाळेच्या व्हरांड्यातच, उजेडात, पाटलांच्या पत्नीला शेजारी बसवून केली. फूटवॉल कुणी दिला, हा एकच प्रश्न होता. वस्तू गुरुवारी आली आणि बदल्यात आपण शिवण दिली, एवढं तिने सरळ सांगितलं. चोरीची आहे हे माहीत नव्हतं, हेही सांगितलं. नाव मात्र सांगेना. चोरीचा माल जवळ बाळगल्याचं कलम लागतं, अटक होईल, मशीनही मुद्देमालात जाऊ शकेल, हे मी तिला समजावलं.

ती म्हणाली, "साहेब, माझी सासू लोकांच्या दारात उभी राहून भाकर मागायची. बलुतं म्हणायचे त्याला. कुणी काय वाढलं ते गावभर व्हायचं. आम्ही ते सोडलं. हे तसं न्हाई, हे सगळ्यांना पटावं म्हणून तर नियम केला. आज मी नाव घेतलं, तर येत्या गुरुवारी हितं कोण येईल?"

"मग तुम्ही आत गेल्यावर तरी कोण येईल?" मी विचारलं.

"मी आत गेले तर म्हणतील बाई गेली. नाव घेतलं तर म्हणतील नियम गेला."

पंच म्हणून बसलेल्या धनगरबुवांना मी विचारलं, तुम्हाला तरी माहीत असेल. ते म्हणाले, "मला माझ्या घरात काय शिजलं ते सांगत न्हाईत, साहेब. गावाचं कुठून कळावं?"

जमादारांचं मत तिला लगेच अटक करावी असं होतं, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. तक्रारदारही तेच म्हणत होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर अटक करावीच लागली असती.

मधल्या वेळात दुकानदाराचा पुरवणी जबाब घ्यायला दुकानात गेलो. पोत्याच्या तुकड्याबद्दल त्याला कसं कळलं, हे मला विचारायचं होतं. त्याने गादीवर बसवलं, पाठीशी लोड सरकवला, चहा मागवला. ड्युटीवर चहा घेत नाही, असं मी सांगितलं. जबाब लिहिताना कागद टेकवायला मी दुसरा लोड मांडीवर ओढला. खोळ कोरी, पांढऱ्या मांजरपाटाची होती. आणि शिवण हिरवी.

माझ्या घरीही शिवणमशीन होतं, त्यामुळे शिवण मला थोडीफार समजत होती. बाईच्या पोलक्यावर काही टाक्यांनंतर एक टाका लांब पडलेला मी पाहिला होता, मशीनचा तेवढा दोष होता. लोडावर तोच लांब टाका, तशाच अंतराने.

"खोळी नव्या दिसतात," मी म्हणालो.

"अंबडच्या टेलरकडून शिवून आणल्या."

मी तेवढंच जबाबात लिहिलं आणि त्याची सही घेतली. मग पंच बोलावून दोन्ही लोड ताब्यात घेतले आणि शाळेत नेऊन बाईपुढे ठेवले. नाव विचारलं नाही. शिवण कुणाची, एवढंच विचारलं. तिने बोटाने शिवण चाचपली. "शिवण माझीच हाय. माझी वस्तू माझी म्हणायला नियम आडवा येत न्हाई. पण मला लांब पिशव्या सांगितल्या व्हत्या, धान्याच्या."

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. दुकानदाराचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, याला बोलावलं. लोड पाहताच तो खाली बसला. मालकाने पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वॉल आणि कापड दिलं, गुरुवारी नेऊन दे म्हणाले, तुझ्या घरचंच म्हणून सांग म्हणाले, असं त्याने सांगितलं. वॉल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बाई ज्याचं नाव घेत नव्हती तो हा माणूस. नाव घेतलं असतं तर चोर म्हणून आधी तोच आत गेला असता, आणि मीच त्याला नेलं असतं.

दुकानाच्या झडतीत गुळाच्या ढेपांमागे उरलेले दोन फूटवॉल मिळाले. दुकानदार पितळेची मोड वजनावर घेत असे. पंप दुरुस्त करणारा एक फिरता मेकॅनिक त्याला माल आणून देई. तोही दोन दिवसांत जालन्याच्या मोंढ्याजवळ सापडला.

दुकानदाराने फार ताणलं नाही. गुरुवारमुळे आपलं गिऱ्हाईक तुटलं, तेल-मिठापुरतेच लोक दुकानात येऊ लागले, म्हणून बाईवर बालंट आणून देवघेव बंद पाडायची होती, असं तो म्हणाला. मला एकच गोष्ट समजत नव्हती. वॉल नुसता ठेवून सालगडी परत आला असता, तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं. खोळी का शिवून घेतल्या?

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "वस्तू दिली, साहेब. बदल्यात काई घ्यायचंच न्हाई का? फुकट कसं सोडायचं?"

खोटी खबर देणारी माणसं मी पुढेही पाहिली. ती पुष्कळ काही पणाला लावतात, पण आपला नेहमीचा हिशेब सोडत नाहीत. त्या प्रकरणानंतर मी तपासात कुणी दिलं याच्याबरोबर कुणी घेतलं हेही विचारू लागलो, आणि बरेचदा ते आधी सापडलं. दुसरी गोष्ट शिकलो ती जमादारांना कधी पटली नाही. गप्प राहणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवत असतो हे खरं, पण तो स्वतःलाच लपवत असतो असं नाही.

खटला अंबडच्या कोर्टात चालला. दुकानदार आणि मेकॅनिक, दोघांवरचे आरोप शाबीत झाले. निकालात मुद्देमालाचा आदेश होता. फूटवॉल ज्याचे त्याला, आणि खोळींचं कापड दुकानदाराचं म्हणून ते त्याच्या घरी. त्याचा भाऊ ते घ्यायला आला होता. बाईही आली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कापड त्यांचं, ते त्यांनी न्यावं," ती म्हणाली. "पण शिवणीच्या बदल्यात मला चोरीचा माल दिला, तो तुम्ही घेतला. मंग मला काईच मिळालं न्हाई. शिवण माझी हाय."

याला माझ्याकडे कलम नव्हतं. मी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि खोळी तिच्या हातात दिल्या.

ती कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. कमरेच्या पिशवीतून पातं काढलं आणि दोन्ही खोळी उसवल्या. घाई केली नाही, कापडाला कुठे पातं लागू दिलं नाही. दोरा तुटेल तिथे गाठ मारून ती रिकाम्या रिळावर गुंडाळत गेली. मग कापड काठाला काठ जुळवून घडी केलं आणि भावाच्या हातात दिलं.

उसवलेला दोरा मशीनला चालत नाही, हे मला घरच्या अनुभवाने माहीत होतं. मी तसं म्हणालो.

"मशीनला न्हाई चालत," ती म्हणाली. "गवंड्याच्या सदऱ्याची बटणं राह्यलीत. त्याला चालंल."

रीळ पिशवीत टाकून ती एसटीच्या थांब्याकडे निघाली. तो मंगळवार होता. गुरुवारला अजून एक दिवस मध्ये होता.